कोऱ्या लाकडाची पेटी

आपल्या हातचं लाकूड कधी कुजत नाही, हे सांगायची सुताराला भारी हौस. त्यामुळे धाकट्या बहिणीसाठी पेटी करायला घेतली तेव्हा त्याने कुठेही हात आखडता घेतला नाही. जाड फळ्या, खिळ्याशिवाय जुळवलेले कोपरे, वर सरकती काच. आत राहणार होते तिचे वाणी. शेकडो पायांचे ते काळे किडे, हात लावला की वेटोळं करून गप्प बसणारे. लोक मांजर पाळतात, हिने हे पाळले. कुणाच्या डोक्यात काय भरेल, नेम नाही.

पेटीमागे कारण होतं. सहा वर्षांपूर्वी आईच्या आजारपणात तो तिला बोलून बसला होता, "किड्यांसाठी वेळ आहे, आईसाठी नाही." दिवसभर दुकानात चष्म्याच्या काचा घासून ती संध्याकाळी आईच्या उशाशी बसायची, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. तरी बोलला, आणि तेव्हापासून दोघांचं बोलणं तुटलं. माफी मागायला मात्र जीभ रेटली नाही. शेवटी त्याने पेटी केली. तिनेही काही न विचारता ती घेतली, आणि दोघांचं बोलणं पुन्हा सुरू झालं.

महिन्याभरात तिचा फोन आला. "दादा, माझे वाणी मरतायत रे. तिसातले अकरा गेले. येतोस का?"

किड्यांतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं, पण बहिणीने बोलावलं म्हटल्यावर तो हातातलं काम टाकून निघाला.

पेटी तिच्या खोलीत खिडकीखाली होती. तिने वही पुढे केली. माती बदलली होती, पानं दुसऱ्या बागेतून आणली होती, काकडी बंद केली होती, पाणी उकळून गार करून शिंपडलं होतं. प्रत्येक उपायाखाली तारीख, आणि तारखेनंतर पुन्हा कुणीतरी मेलेलं.

"आधी पाय लुळे पडतात," ती म्हणाली. "मग वेटोळं करायचंही त्राण राहत नाही. माझंच काहीतरी चुकतंय." तिचे डोळे भरून आले होते.

सुताराने काच सरकवली. उरलेले सगळे मधल्या सालीच्या तुकड्यावर दाटीवाटीने बसले होते. फळ्यांजवळ एकही नव्हता.

"मेलेले कुठे सापडले?"

"कडेला. सगळे कडेलाच."

सुताराला पेटी करतानाचं आठवलं. ओली माती आणि लाकूड म्हटल्यावर त्याचा हात सवयीने वाळवीच्या औषधाच्या डब्याकडे गेला होता. तीस वर्षांत त्याने ते न लावता साधी पट्टीसुद्धा कुणाला दिली नव्हती. वाळवी मारणारं औषध वाण्यांनाही मारेल, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

"आतून वाळवीचं औषध लावलंय मी," तो म्हणाला. "दोन हात."

त्याने वही पुन्हा चाळली. "सगळं लिहिलंयस, फक्त पेटीचं नाही. शंकासुद्धा आली नाही तुला?"

"आली होती. दुसऱ्याच आठवड्यात."

"मग बाहेर का नाही काढलंस त्यांना?"

"पेटी परत केली असती तर तू परत आला असतास का?" तिने नाक पुसलं. "पेटी सोडून दुसरं काहीही निघू दे, असं वाटत होतं. म्हणून बाकीचं तपासत बसले. त्यात ते बिचारे गेले."

सुताराने वही मिटून तिला परत दिली. "आईच्या वेळी बोललो ते खोटं होतं," तो म्हणाला. "बोलतानाही मला माहीत होतं. चुकलो मी."

तिने माळ्यावरून जुना प्लास्टिकचा टब काढला. दोघांनी ताजी माती भरली. एकोणीस वाणी एकेक करून उचलले. एकाने त्याच्या खरबरीत तळहातावर वेटोळं केलं, तेव्हा त्याला फार बरं वाटलं.

"नवीन करून देतो," तो म्हणाला. "औषध नाही, पॉलिश नाही. पण कोरं लाकूड ओल्या मातीत वर्षभर टिकायचं नाही. कुजेल."

"कुजलेलं लाकूडच खातात ते."

"म्हणजे मी पेटी करायची आणि यांनी ती खायची?"

"हो."

"आणि मग?"

"मग पुढच्या वर्षी तू दुसरी घेऊन ये."

सुताराने कानावरची पेन्सिल काढली आणि मापं लिहायला तिची वही मागितली.