लाल खडूने लिहिलेला फळा

मी फॅक्टरीच्या क्वार्टरांसमोरचा काळा फळा बोलतोय, जबलपूरचा. रंग उडालाय माझा, पण पाहिलेलं विसरलो नाही.

पासष्टच्या लढाईनंतर एक मंत्री इथे आले. आमच्या शेजारीच तोफगोळ्यांचं कोठार. म्हणाले, "वसाहतीच्या सुरक्षेला सरकार पैसा देईल. दिवाळीआधी धोक्याचा भोंगा बसेल!" केवढ्या टाळ्या पडल्या! नीलकंठने मात्र वाजवल्या नाहीत. गोळे तपासणं हे त्याचं काम. प्रत्येक गोळा ठोकून बघायचा. पास असला तर पांढरा खडू, नापास असला तर लाल. दुसऱ्याच दिवशी त्याने माझ्यावर लिहिलं, "भोंगा : आला नाही." मग दर सोमवारी तारीख बदलायची, शब्द तेच.

अशा सहा दिवाळ्या गेल्या. एकाहत्तरच्या नोव्हेंबरात पुन्हा लढाईची चर्चा सुरू झाली, आणि मंत्रीही पुन्हा येणार म्हणे! दोन दिवसांत खांब उभा राहिला, वर भोंगा चढला. मंत्र्यांची गाडी यायच्या तासभर आधी फॅक्टरीचे साहेब पांढरा खडू घेऊन हजर.

"नीलकंठजी, 'पूर्ण' लिख दीजिए. फोटो खिंचेगा."

नीलकंठने तो खडू घेतला नाही. बेबीला कडेवर घेऊन उभी असलेली त्याची बायको, विनता, हळूच म्हणाली, "लिहून टाका ना! काहून बदली ओढवून घेऊन राहिले? क्वार्टर गेलं तर पोरीला घेऊन कुठं जाऊ मी?"

माझा जीव टांगणीला लागला. नीलकंठने शिडी मागवली. वर चढून भोंगा ठोकला, टोपण उचकटून पाहिलं. खाली उतरून तो म्हणाला,

"आत मोटरच नाही. नुसता पत्रा आहे."

विनताने कोठाराकडे पाहिलं, मग बेबीकडे. "मग पांढरा खडू नका लावू," ती म्हणाली.

त्याने खिशातून लाल खडू काढला. "भोंगा : नापास." मंत्र्यांनी वाचलं, सगळ्या वसाहतीने वाचलं. फोटो काही निघाला नाही.

आठवड्यात मोटर आली, आणि बदलीचा हुकूमही. डिसेंबरात लढाई पेटली, भोंगा कडाडला, बाया पोरांना उचलून आडोशाला धावल्या. सगळी वेळेत पोचली. तो आवाज ऐकायला नीलकंठ मात्र नव्हता. फार वाईट वाटलं मला.

आता मी कँटीनमागे पडून आहे. वसाहतीला लपायला खंदक खणलेत म्हणे, उद्या मला रंगवून "खंदक : पूर्ण" लिहिणार आहेत. लिहा बापहो, पण आधी कुणीतरी खंदकात उतरून बघा. आणि खिशात लाल खडू असू द्या.