ग्रहणातली करंजी

‘दुभंग’ हा शब्द आमच्या घरात उच्चारायचा नाही, असा आत्यांचा नियम होता. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, मुक्ताबाई. धरणी दुभंगल्याचं मी शाळेत वाचलं होतं, शब्द मला आवडायचाही. पण दिवस गेल्यापासून ‘दोन तुकडे कर’ एवढं म्हणायचीही चोरी. मला चीड यायची.

पंच्याण्णवच्या दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या सकाळी ग्रहण लागलं. तुर्भ्याच्या आमच्या खोलीत खिडकीला चादर लावून आत्यांनी मला कॉटवर बसवलं. काही कापायचं नाही, मोडायचं नाही, नाहीतर बाळाचा ओठ फाटतो म्हणे. माझा नवरा रणजीत मार्केटात माथाडी. तो मिशीतल्या मिशीत हसला. त्या मिशीखाली जुना व्रण आहे, लहानपणी बैलगाडीवरून पडल्याचा.

आत्या मोरीत गेल्या आणि मला भूक आवरली नाही. डब्यातली करंजी काढली, मोडून दोन भाग केले. अर्धी खाल्ली, पावलं वाजली तशी अर्धी उशीखाली सारली.

पुढचे चार महिने मला धड झोप नाही. पोटात बाळ हललं की तोंडातला घास कडू लागायचा.

फेब्रुवारीत मुलगी झाली. तिचा वरचा ओठ नाकापर्यंत उघडा होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, याला दुभंगलेला ओठ म्हणतात, काही महिन्यांनी शिवता येतो, यात आईची चूक नसते. माझ्या कानात फक्त तो एक शब्द राहिला. ही पोर जन्मभर माझ्या भुकेची शिक्षा भोगणार, असं वाटून मी हादरले. आत्यांनी विचारायच्या आतच मी करंजीचं सांगून टाकलं.

त्यांनी बाळाला उचलून मांडीवर घेतलं.

“रणजीत गाडीवरनं पडला न्हवता,” त्या म्हणाल्या. “असाच जल्मला हुता, दुभंग. मिरजंला नेऊन शिवून आणला.”

“ग्रहणात तुम्ही काय कापलं होतं?”

“काय बी न्हाई. हात बांधून बसले हुते. तरी सासूनं मरस्तवर मलाच बोल लावला.”

“मग मला कशाला बसवलंत?”

“भ्या वाटलं, पोरी.”

तेवढ्यात शेजारच्या शेवंताबाई बाळाला बघायला आल्या. ओठ पाहून त्यांनी आत्यांना हळूच विचारलं, ग्रहणात सुनेनं काय चिरलं होतं?

आत्यांनी डोळे पुसले.

“हात बांधून बसली हुती,” त्या म्हणाल्या. “मी सोता बघत हुते.”