करंजाच्या पानावर

मधपेटीचं झाकण उचललं आणि शिवाजी गुरुजींचा हात तसाच अधांतरी राहिला.

आत चौकटींवर करंजाचं हिरवं पान होतं. पानावर माश्यांची दुधासारखी पांढरी, डोळे न उघडलेली पिल्लं कुणीतरी ओळीनं निजवली होती.

हीच पिल्लं माश्या आठवडाभर दारातून बाहेर फेकत होत्या आणि गुरुजी त्यावर खूश होते. मोहरीएवढा तांबडा किडा पिल्लाला चिकटून त्याला शोषतो. माश्यांना ते वासावरून कळतं. त्या असं पिल्लू किड्यासकट ओढून काढतात आणि बाकीचं घर वाचवतात. गुरुजींच्या माकुणसारच्या वाडीतली ही शेवटची पेटी होती. याच दुखण्यानं दुसरी गेल्या वर्षीच रिकामी झालेली.

पानावरच्या एका पिल्लाखालून तांबडा ठिपका हलला. कडेवरून उतरून शेजारच्या माशीच्या पाठीवर चढला. गुरुजींनी चष्मा पुसला. एक, दोन, पाच... किती पाठींवर ते ठिपके होते!

मागं पाचोळा वाजला. रोज शिकायला येणारी नऊ वर्षांची जिवली उभी होती. ओंजळीत दुसरं पान.

"पेटी तू उघडतेस?"

"तुमी दुपारचे झोपता ना, तवा."

"अगं, चावल्या नाहीत?"

"चावल्या की. पन त्यांचीच पोरं हायत. पडतात बिचारी, मी आनून देते."

तिची बोटं सुजून टम्म झाली होती. परवा अक्षर वेडंवाकडं आलं म्हणून गुरुजींनी तिला आळशी म्हटलं होतं.

"कुणी सांगितलं तुला असं करायला?"

जिवली हसली. गुरुजी परीक्षा घेतायत असं तिला वाटलं. ओंजळ छातीशी धरून ती ताठ उभी राहिली.

"खाली पडलेलं पिल्लू घरट्यात परत ठेवावं. त्याची आई वाट बघते."

जूनमध्ये बुलबुलाचं पिल्लू पडलं, तेव्हा हे वाक्य त्यांनीच सगळ्या पोरांकडून तीनदा म्हणवून घेतलं होतं.

"बरोबर हाय ना, गुरुजी? आज नऊच मिळाली."

गुरुजींनी तिच्या हातातलं पान घेतलं. ते कुठं ठेवावं, हे त्यांना कळेना.

"बस जिवले," ते अखेर म्हणाले. "तो धडा मी अर्धाच शिकवला होता."

जिवलीनं लगबगीनं वही उघडली. सुजलेल्या बोटांत पेन्सिल धरायला तिला दोनदा प्रयत्न करावा लागला.

"सांगा," ती म्हणाली.