आपलं आपण सावरणारं जाळं

माणसाचा हात लागला की बिघडतं, तेव्हा इंटरनेटच्या जाळ्यानं आपलं आपण सावरावं, हे स्नेहलचं लाडकं मत. नाशिकच्या एका खासगी इंटरनेट कंपनीत तिनं आणि फारुखनं मिळून तशी व्यवस्था उभी केली होती. जी लाइन सारखी पडते-उठते, तिला जाळं स्वतःच काही वेळ बाजूला बसवायचं. पुन्हा पडली की शिक्षेचा वेळ वाढवायचं. मधे कोणाला लुडबूड करताच येऊ नये, अशी सोयही दोघांनी हौसेनं केलेली. २००७ साली असल्या गोष्टींचं केवढं कौतुक!

त्या सकाळी घोटीत फारुखचे अब्बा वारले. धाकटा भाऊ मुझफ्फर कुवेतला. तो येईपर्यंत मयत ठेवायची रीत नाही. दुपारच्या नमाजानंतर दफन. म्हणून शेजारच्या सायबर कॅफेवाल्या धनराजनं वायर ओढून कॉम्प्युटर आणि कॅमेरा त्यांच्या अंगणात मांडला. मुझफ्फरला अब्बांचा चेहरा तेवढा दिसावा, बाकी कोणाचं काही मागणं नव्हतं.

आणि नेमकी घोटीची लाइन बसली.

ऑफिसात स्नेहलनं ते पडद्यावर पाहिलं. लाइन नुसती अडखळली होती, लगेच आलीही असती. पण तिकडे कोणीतरी मोडेमचा डबा बंद-चालू करत होतं आणि जाळं दर खेपेला शिक्षा वाढवत होतं. तिनं धनराजला फोन लावला.

"धनराजभाऊ, डब्याला हात लावू नका!"

"मॅडम, बंद करून चालू केला का येतंच ना! लय वेळा केला, आता येईलच."

"त्यानंच येत नाहीये हो! फारुखला द्या."

"ते आत हायेत. अब्बांना शेवटची आंघोळ घालत्यात."

धनराजनं हात आवरला, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. स्नेहलनं जमेल ते सगळं करून पाहिलं. बाहेरून उघडायला दारच ठेवलेलं नव्हतं. स्वतःच्या हुशारीचा तिला असा संताप कधी आला नव्हता.

"मॅडम, जनाजा उचलत्यात," धनराज हळूच म्हणाला. "फारुखभाई म्हनले, आता थांबता येत नाय. मशिदीत लोक खोळंबलेत."

फोनमधून कलम्याचा आवाज आला, मग लांब गेला. स्नेहल रडत होती.

थोड्या वेळानं घोटीची लाइन आपली आपण हिरवी झाली. फोन अजून कानालाच होता. तिकडे कॉम्प्युटरमधून आनंदलेला आवाज आला, "भाईजान, दिसतंय, दिसतंय! कॅमेरा जरा अब्बांकडे फिरवा ना."

"मॅडम," धनराजनं विचारलं, "काय सांगू याला?"