तोंड मिटून ऐकणं

इंदुबाईंच्या दहावीच्या वर्गात हळू कुणी बोलतच नसे. पोरं सुरतेच्या पांडेसऱ्याची; भिंतीला लागून लूमचा खडखडाट, हळू बोलून भागेल कसं? शिवाय सगळे एकदम बोलत, ऐकायला कुणी रिकामंच नाही. म्हणून त्र्याण्णव साली बाईंनी शनिवारचा एक तास बोलण्या-ऐकण्यासाठी काढला. ऐकण्याचा नियम त्यांनी शिक्षकांच्या शिबिरातून ताजा ताजा आणला होता: बोलणाऱ्याकडे बघायचं आणि तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. वर्षा हे इतकं छान शिकली, की बाई तिलाच पुढे बसवून इतरांना दाखवत.

त्याच वर्षाच्या बापानं, सुकलालनं, परीक्षा तोंडावर असताना कळवलं की पोरगी दहावीनंतर घरीच बसेल. पोरीला मास्तरीण व्हायचं होतं, आणि ती होणार याची बाईंना खात्री होती. शाळा सुटताच त्यांनी तडक तिचं घर गाठलं.

प्रमिलाबाईंनी, वर्षाच्या आईनं, चहा टाकला. सुकलाल धुळ्याकडचा, कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये कामाला. पाहुण्यापुढे एकदम नकाराचं बोलणं त्याला बरं दिसेना, म्हणून त्यानं आधी मिलमधली गंमत काढली: नवीकोरी पांढरी सफारी घालून शेठ गुलाबी रंगाच्या टाकीपाशी आला, ती. बाई नियमाप्रमाणे ऐकू लागल्या. शेजारी वर्षाही तशीच. सुकलाल थोडं बोलला, अडखळला, आणि शेठला टाकीच्या काठावर तसाच सोडून गप्प झाला.

"ऱ्हाऊ द्या बाई. तुमले बी गोडी नही."

"अहो, मी मन लावून ऐकतेय!"

"मंग हुंकारा का नही?" सुकलालचा आवाज चढला. "ही बी तशीच. पहिले मी कामवरथीन येऊ, काही सांगू, तं 'हां आबा, मंग आबा' करे. आते नुसती देखत ऱ्हास. साळामा शिकीसन तिले बापनी लाज वाटाले लागनी. आनखी शिकनी तं बापले वळखी का?"

वर्षाचे डोळे भरून आले. बाईंनी कपाळाला हात लावला. खानदेशात काय नि त्यांच्या परभणीत काय, हुंकाराशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही, हे त्या लहानपणापासून जाणत होत्या. पण शिबिराचं शहाणपण अंगात आलं ना! त्यांना स्वतःचा राग आला, आणि या माणसाची फार माया वाटली.

"दादा, चूक माझी. मीच तिला गप्प बसायला शिकवलं. लेकरानं माझं ऐकलं. तुमची लाज नाही हो तिला."

सुकलालनं लेकीकडे बघितलं. ती पुढे सरकली.

"आबा, मंग शेठनं काय व्हयनं?"

"काय व्हई? पाय घसरना!"

"हां!"

"धराले गया तं मुकादम बी टाकीमा!"

"मग?" हे बाईंनी विचारलं.

दोघं गुलाबी होऊन टाकीबाहेर येईपर्यंत चहा निवला, आणि सुकलाल हसून हसून डोळे पुसू लागला. शाळेचा विषय काढायचा बाईंना धीर होईना. तोच म्हणाला, "बाई, अकरावीनी साळा दूर शे का?"

"जरा दूर आहे."

"मंग मी पाळी बदली लिसू. ती घर येई तवय मी घर पायजे. नही तं साळामातलं सांगी कोनले?"