सहा महिन्यांसाठी पेटीत

मित्रांनो, तुम्ही मला हवेत पाहिले आहे. जळत्या मनोऱ्याच्या कठड्यावरून वीजबाला उडी घेते, दोन्ही हात पसरते आणि चित्र तिथेच थिजते, आठवते ना? त्या वेळी तिच्या अंगावर होता तो निळा पोशाख म्हणजे मी. आता जुना झालो आहे. त्या उडीनंतर तुम्ही सगळे "पुढे काय?" म्हणून विचारत राहिलात. पुढे काय झाले ते मला माहीत आहे, कारण ते माझ्या आतच झाले.

माझा जन्म एका गोदामवजा खोलीत, शिवणकाकूंच्या यंत्रावर झाला. काकू मालिकांचे कपडे शिवायच्या. बोलणे हळू, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि तोंडात सदा दोन टाचण्या, त्यामुळे रागावल्या तरी ओठ मिटूनच. माझ्या चंदेरी पट्ट्या त्यांनी हाताने कापल्या. छातीला आणि कमरेला साच्यातून काढलेले रबरी कवच बसवले. ते एकदा चिकटले की उसवत नाही. हातापायांना मात्र त्यांनी चार-चार बोटे कापड आत दुमडून ठेवले. "वाढत्या अंगाचं पोर आहे," त्या पुटपुटल्या. पाठीला बावीस हूक लावले, आणि जोडीला निळे बूट दिले.

ज्या मुलीसाठी मी होतो ती अकरा वर्षांची. मला घालून ती आरशासमोर अशी गरगर फिरली की त्या दिवसापासून सगळे तिला भिंगरीच म्हणू लागले.

"काकू, आणि मध्येच शू लागली तर?"

"बावीस हूक आहेत, बाई. लागायच्या आधी पाव तास सांगत जा."

चार महिने आम्ही दोघे दोरांना लटकून उडालो. शेवटच्या दिवशी ती उडी झाली. ठिणगीने माझा डावा गुडघा करपला, उजवा खांदा उसवला. काकू सुईदोरा घेऊन धावल्या तसे दिग्दर्शक ओरडले, "हात लावू नका! पुढचं पर्व याच क्षणापासून सुरू होणार. हाच गुडघा, हाच खांदा, हीच मुलगी."

आमचे चारी बाजूंनी फोटो काढले गेले. व्यवस्थापक भिंगरीच्या आईला म्हणाले, "सहा महिने फक्त, ताई. तोवर हिचे केस कापू नका, दुसरं काम घेऊ नका. आहे तशीच ठेवा हिला."

"बरणीत घालून ठेवते की!" आई हसत म्हणाली. सगळेच हसले. मी पेटीत गेलो.

विजेची आणि आगीची दृश्ये कॉम्प्युटरवर रंगवण्यातच वर्ष सरले. मग मालिका घरोघरी दिसू लागली, आणि काय ते कौतुक! मुले गळ्यात टॉवेल बांधून सोफ्यावरून उड्या मारू लागली. "वीजबाला खाली पडते का हो?" अशी पत्रे पोत्याने आली. पण दिग्दर्शक दुसऱ्या चित्रपटात अडकले. मग लेखकांनी लिहिलेली कथा कोणाला पटेना. मग कंपनीचे मालकच बदलले. दर वेळी व्यवस्थापकांचा फोन यायचा, "सहा महिने फक्त." ते सहा महिने मारुतीच्या शेपटासारखे लांबतच गेले.

काकूंचा नेम मात्र चुकला नाही. सकाळी हातपाय धुऊन, देवाचे नाव घेऊन त्या आधी माझी पेटी उघडत, मला हलकेच झटकत, डांबरगोळ्या बदलत. करपलेल्या गुडघ्यावरून बोट फिरवत, पण त्याला सुई लावत नसत. सांगितले होते ना, हात लावू नका.

अधूनमधून भिंगरी मापाला येई. आल्या आल्या काकूंच्या डब्यातली चार बिस्किटे खाई आणि मग माझ्यात शिरे. पहिल्यांदा काकूंनी बाह्यांचे दुमडलेले कापड दोन बोटे सोडले. पुढच्या खेपेला पायांचेही सोडले. पण दोन वर्षे झाली त्या खेपेला रबरी कवच तिच्या अंगावर करकरले आणि सहा हूक काही केल्या लागेनात. ती तेरा वर्षांची झाली होती. त्यात नवल ते काय? झाडे वाढतात, मुले वाढतात.

काकूंच्या हातात मापाचे कार्ड होते. ते व्यवस्थापकांकडे जायचे. मोठा आकडा दिसला की ते मुलगी बदलतील, हे काकूंना ठाऊक होते. एरवी खोटे बोलताना जीभ अडखळणाऱ्या त्या बाईने पेन्सिल थोडा वेळ हवेत धरली आणि जुनेच माप लिहिले. कंबर, तेवीस. पोरीचे काम जाऊ नये, एवढेच त्यांच्या मनात होते.

भिंगरीने ते खांद्यावरून वाचले. त्या दिवशी जाताना काकूंनी डबा पुढे केला तर म्हणाली, "नको, पोट भरलंय."

दहा महिन्यांनी झालेल्या पुढच्या मापाला बावीसच्या बावीस हूक लागले.

"बघ, मी म्हणत नव्हते? अंग आपोआप बेताचं होतं या वयात," काकू म्हणाल्या. त्यांच्या डोक्यावरचे ओझे उतरले.

माझे वाढले. मित्रांनो, कपड्याला माणूस आतून कळतो. तिच्या फासळ्या मला मोजता येत होत्या. जिथे पूर्वी ऊब असायची तिथे आता हवा खेळत होती. जिना चढून आली तरी तिची छाती माझ्यावर धडधड आपटत होती. उपास माणसाने देवासाठी करावा. ही पोर तो माझ्यासाठी करत होती, आणि मी कोण? रबर आणि कापड. मला तिचे काही भले करता येत नव्हते, मोठ्याने सांगताही येत नव्हते.

सांगितले ते मुंग्यांनी. दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी नेमाप्रमाणे पेटी उघडली, तर माझ्या उजव्या बुटातून मुंग्यांची रांग निघालेली. बूट उलटा केला तेव्हा चार बिस्किटे पडली. आदल्या दिवशी काकूंनी दिलेली. एकाचाही तुकडा मोडलेला नव्हता.

तोंडातल्या टाचण्या काकूंनी काढून ठेवल्या. मग मायलेकींना बोलावून घेतले.

"बाळ, ते माप मी खोटं लिहिलं होतं गं. तुझी कंबर तेवीस नव्हती."

"माहीत आहे," भिंगरी म्हणाली. "म्हणून तर मी ती तेवीस केली."

आईने कपाळावर हात मारला. "मला सांगत होती, शाळेत खाते म्हणून! आणि मी मेली बघत बसले."

"मी आत्ता खरं सांगते त्यांना." काकूंनी फोन उचलला.

"नको ना, काकू! तीन आठवड्यांनी शूटिंग आहे. कालच फोन आलाय. एवढं सगळं केलं मी. आता तीन आठवडेच तर राहिले."

काकूंनी आईकडे पाहिले. आईने जमिनीकडे पाहिले. फोन परत जागेवर गेला. दोघीही तिच्यावर जीव टाकणाऱ्या होत्या, आणि दोघीही गप्प बसल्या. मला आजही त्या गप्प बसण्याचा राग येतो.

तो दिवस उजाडला. काकूंनी बावीस हूक लावले. करपलेला गुडघा जागेवर, उसवलेला खांदा जागेवर, पट्टीला पट्टी जुळलेली. भिंगरी मनोऱ्याच्या त्याच कठड्यावर उभी राहिली. दिग्दर्शकांनी एका पडद्यावर तीन वर्षांपूर्वीचे थिजलेले चित्र लावले आणि शेजारच्या पडद्यावर तिला पाहिले. पाहतच राहिले.

"पोशाख अगदी बरोबर आहे," ते म्हणाले. "मुलगी बरोबर नाही. हनुवटी बघा, गाल बघा. ही मोठी झाली."

"अहो, तुम्हीच थांबायला सांगितलंत ना?" आईचा आवाज चिरकला.

"वय वाढतं, ताई. त्याला आम्ही काय करणार?" व्यवस्थापक म्हणाले, आणि त्यांनी विचारले, "हिला धाकटी बहीण वगैरे आहे का?"

कंबर तिने राखली होती. हातापायांचे कापड काकूंनी राखले होते. चेहऱ्याचे कापड कोणी आत दुमडून ठेवले नव्हते.

भिंगरी रडली नाही. कठड्यावरून उतरून काकूंकडे आली आणि पाठ वळवून उभी राहिली. "हूक काढा, काकू. मला भूक लागलीय."

गोदामाच्या पायरीवर बसून तिने डबा उघडला. पाचव्या बिस्किटाला तिला रडू फुटले, तरी ती खात राहिली. काकू शेजारी बसून तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. पाठीवर बावीस हुकांचे बावीस वळ होते.

मला दहा वर्षांच्या नव्या मुलीच्या मापाने आवळले गेले. दुसरे पर्व आले. तुमच्यातल्या कित्येकांनी ते पाहून "ही ती नाहीच!" म्हणून नाके मुरडली. तेही पर्व एका उडीवरच थिजले आहे, आणि मी पुन्हा पेटीत आहे. सहा महिन्यांसाठी. नव्या मुलीचे खरे माप काकू कोणी न विचारताही दर महिन्याला व्यवस्थापकांना कळवतात. तिच्या आईला त्यांनी पहिल्याच दिवशी बजावले, "हिला पोटभर जेवू घाला. काम गेलं तर गेलं."

परवा भिंगरीची आई काकूंना भेटायला आली होती. पोरीने केस कापून टाकले म्हणाली, उंचीने आईच्या पुढे गेली म्हणाली. मग आवाज खाली घेऊन म्हणाली, "पण ताटात अजून अर्धं ठेवून उठते हो." काकूंनी बिस्किटांचा डबा तिच्या पिशवीत ठेवला. मी पेटीत होतो, झाकण उघडे होते, म्हणून मला ऐकू आले.

म्हणून मित्रांनो, एवढेच मागणे आहे. पुढच्या पर्वाची वाट तुम्ही खुशाल बघा. लागतील तेवढी वर्षे थांबायलाही मी तयार आहे. मला भूक लागत नाही, माझी हाडे वाढत नाहीत. थांबायला मला सांगा. मुलांना सांगू नका.