खिडकीबाहेरची मंडळी

आमच्या ह्यांचं प्रवचन लांबतं, हे मला लग्नाआधीपासून ठाऊक होतं, तेव्हा तक्रारीला जागा नाही. हे पाळक आणि मी पाळकीणबाई. आमचं चर्च म्हणजे शेतांच्या कडेला उभी एक लांबट खोली, वर घंटा आणि आत बाक. त्यातले निम्मे रिकामे.

पुढच्या बाकावर आत्याबाई बसतात. गीत सुरात म्हणणं सोडलं, तर त्या मंडळीसाठी वाटेल ते करतात. त्यांच्यामागे निवृत्त मास्तर. शास्त्रपाठ संपला की ते डोळे मिटतात, आणि ते ध्यान नव्हे हे घोरण्यावरून कळतं. कडेला शिवणकाम करणाऱ्या वहिनी. आठवडाभर मशीनवर वाकून त्या इतक्या थकलेल्या असतात, की बाकाला पाठ टेकली की त्यांची मान कलंडलीच म्हणून समजा. मी त्यांना कधी हलवलं नाही. बाईमाणसाला शांत झोप कुठे मिळायचीच असेल, तर ती देवाच्या घरात मिळू दे.

वहिनींना सायकलवर सोडायला त्यांचे यजमान यायचे. त्यांना सगळे पंक्चरदादा म्हणतात, कारण सायकलदुरुस्ती हाच त्यांचा धंदा. बायकोला दारात उतरवायचे आणि स्वतः बाजूच्या झाडाखाली, अगदी खिडकीला लागून बसायचे. आत कधी यायचे नाहीत. त्याच झाडाखाली आम्हा सगळ्यांच्या सायकली उभ्या असायच्या. आत उपासना चालू असताना दादा बाहेर एकेक सायकल उलटी करायचे, कुणाची चेन बसवायचे, कुणाचा ब्रेक आवळायचे. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि कुणी त्यांचे आभारही मानत नव्हतं. आम्हाला वाटायचं, रिकामं बसवत नसेल माणसाला.

ह्या वर्षी ह्यांचं मन मात्र पार उतरलं होतं. दर बुधवारी हे सायकल मारत वस्त्यावस्त्यांवर जायचे, पत्रकं वाटायचे, आजाऱ्यांपाशी बसून प्रार्थना करायचे. लोक चांगले होते. पाणी द्यायचे, बसायला द्यायचे, रविवारी या म्हटलं की मान डोलवायचे. रविवार यायचा आणि बाक तसेच रिकामे. एकदा तर दुकानदारानं साबण ह्यांच्याच पत्रकात गुंडाळून दिला. हे घरी येऊन मला सांगताना हसले, पण त्या दिवशी जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी माळ्यावरची ट्रंक खाली काढली. म्हणाले, वरिष्ठांना भेटून बदली मागतो. इतकी वर्षं बोलतोय, एकाच्याही कानात काही शिरत असेल असं वाटत नाही. मी भांडले. मग रागारागानं त्या ट्रंकेवर धुतलेल्या कपड्यांचा ढीग रचला, म्हणजे ती उघडता येऊ नये. आतून मी घाबरले होते. गाव सोडायची भीती नव्हती, गावं काय, आम्ही खूप बदलली. मन खचलेला नवरा घेऊन दुसऱ्या गावी संसार मांडायचा, ह्याची भीती होती.

त्यातच खिडक्यांचं प्रकरण झालं. चर्चच्या खिडक्यांची दारं कधीच मोडून गेली होती. सुतारानं देणगी म्हणून नवीन, काचेच्या तावदानांच्या खिडक्या बसवून दिल्या, आणि लावल्या की बाहेरचा आवाज आत येईना. आत्याबाई म्हणाल्या, बरं झालं, त्या ठोकाठोकीनं माझा सूर बिघडत होता. आता सुराला सबब उरणार नव्हती, पण ते असो. ह्यांनीही हौसेनं सगळ्या खिडक्या लावून घेतल्या. निदान मी बोललेलं नीट ऐकू तरी जाईल, म्हणाले.

तेव्हा हे शास्त्रातली विकलेल्या भावाची गोष्ट सांगत होते, दर रविवारी थोडी थोडी. गोष्ट ऐन रंगात आली की तोडायची, ही ह्यांची जुनी खोड. मत्सरानं पेटलेल्या भावांनी धाकट्याला परक्या व्यापाऱ्यांना विकून टाकलं. तो परमुलखात मोठा अधिकारी झाला. पुढे दुष्काळ पडला, आणि तेच भाऊ धान्य मागायला त्याच्याच दारात येऊन उभे राहिले. त्यांनी त्याला ओळखलं नाही. त्यानं मात्र त्यांना ओळखलं, आणि आतल्या खोलीत जाऊन तो रडला. इथे येऊन ह्यांनी शास्त्र मिटलं. नवीन खिडक्या त्याच आठवड्यात बसल्या, आणि उरलेली गोष्ट ह्यांनी पुढच्या रविवारी बंद तावदानांच्या आत पुरी केली.

त्या दिवसानंतर दादा यायचे थांबले. वहिनी एकट्या पायी यायला लागल्या. विचारलं तर म्हणायच्या, कामात असतात हो. तिकडे आमच्या सायकलींची रया गेली. एक दिवस माझा ब्रेक लागेना आणि मी ओढ्यात जाता जाता वाचले. तेव्हा सायकल ढकलत दादांचं दुकान गाठलं. ठोकाठोकीवरचं आत्याबाईंचं बोलणं त्यांच्या कानावर गेलं असेल, रुसले असतील, असं माझ्या मनात होतं. माफी कशी मागायची, हे वाटेत घोकत गेले.

दुकान म्हणजे पत्र्याची शेड. खिळ्यांना टायर लटकलेले, मध्ये गढूळ पाण्याचं घमेलं, आतल्या बाजूला वहिनींचं मशीन. दादा ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होते. मी तोंड उघडायच्या आतच त्यांनी मान वर न करता विचारलं, "पाळकीणबाई, त्या भावाचं पुढं काय झालं?"

मला कळेना, कुठल्या भावाचं.

"तो आत जाऊन रडला, तो. मग बाहेर येऊन सांगितलं का त्यानं, की मीच तो? का धान्य देऊन तसंच पाठवलं त्यांना?"

मी सायकल टेकवून तिथेच खाली बसले. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. दादांनी इतक्या वर्षांत एकही प्रवचन चुकवलं नव्हतं. वादळात सापडलेली होडी त्यांना माहीत होती. हरवलेलं मेंढरूही माहीत होतं, आणि ती गोष्ट पाळकसाहेबांनी दोनदा सांगितली, दुसऱ्यांदा जास्त चांगली जमली, हेही ते म्हणाले. भावाचं पुढे काय झालं ते त्यांनी बायकोला विचारून पाहिलं होतं. ती म्हणाली, झालं असेल काहीतरी चांगलंच. वहिनी मशीनमागून हसायला लागल्या. म्हणाल्या, मला काय विचारता, मी झोपलेली असते.

मी दादांना विचारलं, मग आत का नाही येत? ते म्हणाले, "आत हात जोडून बसावं लागतं. माझे हात थांबले की डोकं भटकतं. हातात काम असलं की कान जागेवर राहतात." मग ट्यूब पुसता पुसता हळूच म्हणाले, "खिडक्या लागल्या, तेव्हा वाटलं, बाहेरच्यांनी ऐकू नये म्हणून लावल्या असतील."

मला रडूच आलं. गोष्टीचा शेवट मला पाठ होता, पण मी तो सांगितला नाही. तो सांगायचा मान माझा नव्हता. म्हटलं, दादा, रविवारी या, खिडकी उघडी असेल.

घरी गेले आणि चप्पल काढायच्या आधी ह्यांना सगळं सांगितलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असंही सुनावलं. हे त्या ट्रंकेवर, माझ्या कपड्यांच्या ढिगावरच बसले. मग डोळे पुसले आणि म्हणाले, "मेंढराची दुसऱ्यांदा चांगली जमली, असं म्हणाले ते?"

रविवारी ह्यांनी स्वतःच्या हातांनी सगळ्या खिडक्या सताड उघडल्या. झाडाखाली दादा होते आणि माझी सायकल उलटी झालेली होती. ह्यांनी गोष्ट रडण्यापासून पुन्हा धरली. तेच प्रवचन मंडळी दुसऱ्यांदा ऐकत होती आणि एकाच्याही लक्षात आलं नाही. मास्तर तर आधीच्याच जागी घोरू लागले. बाहेर ठोकाठोकी चालू होती. आत्याबाईंनी भुवया चढवल्या, मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी उतरवल्या.

तो भाऊ तोंड धुऊन बाहेर आला, त्यानं नोकरचाकरांना बाहेर घालवलं, असं हे सांगत होते, तेव्हा बाहेरची हातोडी थांबली. एक चाक तेवढं आपल्याच नादात फिरत होतं, त्याचं टिकटिकणं ऐकू येत होतं. ह्यांनी गोष्ट तिथेच थांबवली आणि खिडकीकडे पाहिलं.

तेवढ्यात खिडकीतून आवाज आला, "मग?"

इतक्या वर्षांत आमच्या चर्चमध्ये असं कुणी विचारलं नव्हतं. वहिनी दचकून जाग्या झाल्या. चौकटीवर दोन काळे, तेलकट हात होते आणि त्यांच्यामध्ये दादांचा चेहरा. हे त्या चेहऱ्याकडे पाहत म्हणाले, "मग तो म्हणाला, भिऊ नका. असे जवळ या. मी तुमचाच भाऊ आहे."

दादांनी मान हलवली. मला असंच वाटलं होतं, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. मग ते पुन्हा खाली वाकले आणि माझ्या ब्रेकला लागले. शेवटच्या प्रार्थनेत ह्यांनी देवाचे आभार मानले, ते पाऊसपाण्याचे, अन्नाचे आणि आम्हा सर्वांच्या चालत्या सायकलींचे. सगळ्यात मोठ्यानं आमेन म्हणाल्या त्या आत्याबाई, आणि ते मात्र सुरात लागलं.

घरी आल्यावर ह्यांनी ट्रंकेवरचे कपडे स्वतः उचलले. मला वाटलं, आता हे ती भरायला घेणार. पण ह्यांनी माळ्याला शिडी लावली, ट्रंक खांद्यावर घेतली आणि म्हणाले, खालून शिडी जरा धर. मी देवाचं नाव घेत धरली. पुढच्या रविवारची गोष्ट कुठे तोडायची, ते ह्यांनी शिडीवरूनच ठरवलं.